बिऱ्हाड निघाले

आमच्या थोरल्या बंधूंना जर्मनीत नोकरी लागली आणि घरात वाद पेटला: बरोबर न्यायचे काय? आईचा हट्ट पाटा-वरवंट्यासाठी. विमानात ते ओझे परवडत नाही, हे खरे. पण न्हावा-शेव्याहून सुटणाऱ्या जहाजाचा हिशेब निराळा. तिथे घरसामानाचे भाडे बहुधा वजनावर नव्हे, तर घनमीटरवर, म्हणजे जागेवर बसते. दगडाला जागा ती किती लागणार? भाडे खातो तो फुगीर सोफा. आणि दादा नेमका सोफा नेणार आहे! मला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. बसायला तिकडेही मिळेल. आईच्या हाताने झिजलेला पाटा मिळायचा नाही.

बिऱ्हाड कसे बांधावे, हे शिकायला आम्हा कर्जतकरांना लांब जायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर पाहावा. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, तवा, घागर, शेळी आणि वर बसलेली लेकरे. दादाचे भाडे कंपनी देते, सामानाचा विमाही उतरवते. तोडकरी निघतो तो मुकादमाच्या उचलीवर, म्हणजे अंगावर कर्ज घेऊनच. आमच्या वर्गातली दोन बाके दिवाळीनंतर रिकामी आहेत. त्या दोघांनी पेटीत पुस्तके घातली होती का, हे मी त्यांना विचारलेसुद्धा नाही. सोफ्यावर मात्र आम्ही घरी महिनाभर भांडलो.