बैल फक्त लेबलवर

आमच्या अलिबागकडे हल्ली लाकडी घाण्याचं तेल मिळतं. काचेची बाटली, मानेला सुतळी, लेबलवर बैलाचं चित्र. मागच्या दिवाळीत मी एका लिटरला चारशे रुपये मोजले आणि वर सेल्फीही काढला. बैल फक्त लेबलवर होता. घाणा थ्री-फेज मोटरवर फिरत होता, आणि त्या मोटरचं पॅनल बसवणारा इलेक्ट्रिशियन माझा मामेभाऊ होता. त्याच्याकडे परत येतो.

आधी घाण्याच्या मालकाविषयी. नाव सांगत नाही, आणि तशी गरजही नाही, कारण या माणसाची बातमी तुम्ही किमान दहा वेळा वाचली आहे. 'लाखोंचं पॅकेज सोडून तो मातीकडे वळला.' फोटोत खादीचा कुर्ता, हातात शेंगदाणे, मागे माडाची वाडी. खाली कमेंटमध्ये टाळ्यांचा पाऊस. मी स्वतः ती बातमी तीन ग्रुपवर फॉरवर्ड केली होती. तो आणि मी एकेकाळी एकाच ऑफिसात बसायचो, त्यामुळे अभिमानही वाटला होता.

आता जरा मागे जाऊ. याच किनाऱ्यावर, नवगाव, किहीम, चौल, रेवदंडा, पेण या पट्ट्यात, कैक पिढ्या घाणा चालवणारे लोक राहत होते. बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली आणि इथेच स्थिरावली. गावावरून आडनावं पडली : किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. हे नाव कौतुकाचं नव्हतं. तेल्याचं तोंड बघणं अपशकुनी मानणाऱ्या समाजात तेली असणं म्हणजे काय, हे सांगायला मी इतिहासकार असण्याची गरज नाही. तोच घाणा, तेच तेल. फक्त त्यांच्या बाटलीला सुतळी नव्हती.

या लोकांकडे एकोणिसाव्या शतकात परदेशातून माणसं आली. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, त्यांना परत पाठवायचा घाट घातला गेला, पण ते टिकले. सोबतीला आलेला सॅम्युएल न्यूएल 1821 मध्ये कॉलऱ्याने गेला, हॉल 1826 मध्ये. त्यांना हवं होतं धर्मांतर. ते लपवत नव्हते, आपणही लपवू नये. इथल्या देवांविषयी त्यांनी लिहिलेलं आज वाचवत नाही.

पण त्यांच्यात एक माणूस मला लक्षात ठेवावासा वाटतो. जेम्स गॅरेट. हा पाद्री नव्हता, छपाईवाला होता. 1821 मध्ये मुंबईत आला, मिशनचा छापखाना दहा वर्षं सांभाळला आणि 1831 मध्ये मुंबईतच वारला. परदेशी सेवा म्हणजे प्रवचन, असं आपल्या डोक्यात असतं. याची सेवा म्हणजे शाई, शिसं, कागद आणि उन्हाळ्यातला घाम. त्याच्या हातची काळी बोटं कुणाला हलकी वाटली नाहीत. उलट त्याचं येणं, जाणं, मरणं, सगळं नोंदून ठेवलं गेलं. का? तो हे काम देवासाठी, घरदार सोडून, स्वेच्छेने करत होता म्हणून. म्हणजे, त्याला दुसरं काही करता आलं असतं आणि तरी त्याने हे केलं, म्हणून.

त्याच छापखान्यात कितीतरी देशी हातांनी टाइप जुळवले, घासले, ओतले. त्यातले बहुतेक निनावी गेले. नावं उरली ती दोन-तीन. गणपत कृष्णाजी तिथलं काम पाहून शिकले, स्वतः लाकडी यंत्र बनवलं आणि 1831 मध्ये पंचांग छापलं. शाईत चरबी असेल म्हणून सोवळ्यातले लोक छापील पंचांग हातात घेईनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. (युजरची तक्रार ऐकून प्रॉडक्ट बदलणं याला आम्ही आज मोठमोठी नावं देतो.) दुसरे जावजी दादाजी. पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले, 1869 मध्ये निर्णयसागर उभा केला. त्यांच्या देवनागरी टाइपांनी पुढे कित्येक पिढ्यांची पुस्तकं छापली. पण पाठ्यपुस्तकात आम्हाला मराठी छपाई शिकवली गेली ती संपादकांच्या नावांनी. बाळशास्त्री जांभेकर पाठ होते. अक्षर कापणारा कोण, असा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. आणि जावजींचंही नाव उरलं ते मालक झाले म्हणून. टाइप घासतच राहिले असते तर आज कुणाला माहीत असते?

माझा राग इथे आहे. हाताच्या कामाला आपण मान देतो, पण ते काम करणारा ते सोडून जाऊ शकत असेल तरच. मिशनऱ्याने केलं तर सेवा. आयटीवाल्याने केलं तर पॅशन. तेल्याने केलं तर जात. आयटीआयवाल्याने केलं तर मार्क कमी पडले असतील.

यावर उत्तर तयार असतं, आणि ते वजनदार आहे. 'हातकामाचं गुणगान गाऊ नकोस. ते जातीने गळ्यात बांधलेलं होतं. शिक्षणाने लोक सुटले.' खरं आहे. बेने इस्रायलांचंच बघा. मिशनने कोकणपट्टीत शाळा काढल्या, त्यात बेने इस्रायली मास्तर नेमले. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. उद्देश होता त्यांना ख्रिस्ताकडे नेण्याचा. झालं उलटंच. हिब्रू घेतली, धर्मांतर जवळपास कुणीच केलं नाही आणि आपलाच धर्म अधिक घट्ट धरला. अलिबागचं सिनेगॉग 1848 चं आहे, अजून उभं आहे. मिशनऱ्यांवर इतका देखणा डाव क्वचितच कुणी उलटवला असेल. आणि मग घाणा सुटला. पलटणीत, कारकुनीत, शाळेत, रेल्वेत पोरं गेली. घाण्याला जुंपून घेणं थांबवल्याबद्दल मी कोण त्यांना बोलणारा? माझे आजोबाही दुसऱ्याच्या वाडीत शिंपणं करायचे, आणि मी त्या वाडीत परत जाणार नाहीये.

पण सुटकेचा रस्ता एकच ठेवला की काय होतं तेही बघा. 1948 नंतर हे लोक इस्रायलला जाऊ लागले. मुंबईत कारकुनी केलेल्या कित्येकांना बीरशेबा, दिमोना असल्या नव्या वाळवंटी गावांत धाडलं गेलं आणि कारखान्यात उभं राहावं लागलं. त्यांच्या लग्नांना तिथले धर्माधिकारी मान्यता देईनात म्हणून त्यांना 1964 पर्यंत झगडावं लागलं, तो अपमान वेगळा. पण कारखान्यातलं काम हीच घसरण वाटावी, ही सवय त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजांनी नाही लावली. ती इथे लागली. आपल्यात राहून.

सुटका झाली ती माणसांची. कामावरचा डाग तसाच राहिला. तो पुढच्या माणसाला लागला, एवढंच.

तर, माझा मामेभाऊ. दहावीनंतर आयटीआयला गेला तेव्हा मामी चार दिवस जेवली नव्हती. मी त्याच सुमारास इंजिनिअरिंगला लागलो. पेढे वाटले गेले. पुढे तो तीन वर्षं दोह्याला होता, मी आठ महिने अमेरिकेत. घरात माझ्या जाण्याला 'ऑनसाइट' म्हणत, त्याच्या जाण्याला 'पोटासाठी गेलाय'. व्हिसा दोघांनाही लागला होता, घरची आठवण दोघांनाही यायची, आणि खरं सांगायचं तर त्याने पाठवलेल्या पैशांवर मामाचं घर पक्कं झालं. माझ्या पैशांनी मी लॅपटॉप आणि बूट घेतले. मी अमेरिकेत नेमकं काय केलं हे आजही आईला समजावता येत नाही. दोन वर्षांनी तो सगळा कोड बदलून टाकला गेला. भावाने बांधलेली पॅनलं दोह्यात अजून चालू असतील.

परत आल्यावर तो किहीम-आवासच्या बंगल्यांची कामं घेऊ लागला. घाण्याच्या मालकाला त्याचा नंबर मीच दिला.

घाण्याच्या उद्घाटनाला मला आमंत्रण होतं. पाहुण्यांना खुर्च्या, हातात ताक, मालकाच्या हातात माइक. 'आपले पूर्वज किती शहाणे होते', 'हाताने काम करण्यातलं समाधान' वगैरे चाललं होतं. शनवार तेल्यांचा उल्लेखही नाही. तिथून नवगाव काही मिनिटांवर. बटण दाबलं, घाणा दोन फेरे फिरला आणि ट्रिप झाला. हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, 'अरे, तो वायरमन कुठाय?'

तो वायरमन शिडी घेऊन आला. टेस्टर लावला, एक फेज ढिली होती, सात-आठ मिनिटांत लाइन चालू. टाळ्या वाजल्या त्या घाण्याला. मालकाने आभार मानले त्यात सजावटवाली होती, फोटोग्राफर होता, लेबल डिझाइन करणारी मुलगी होती. सुतार नव्हता. भाऊ नव्हता. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, 'हे लोक वेळेवर येतात का हो? आमच्या बंगल्याचं काम आहे.' मी म्हणालो, 'हो, हा चांगला आहे.' हा माझा भाऊ आहे, असं म्हणालो नाही. त्या वेळी ते सुचलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं.

तो मागच्या पायरीवर बसून चहा पीत होता, कागदी कपात. मला आतून काचेच्या ग्लासात ताक मिळालं होतं. आमची नजरानजर झाली, त्याने नेहमीसारखी भुवई उडवली. निघताना मला बाटली भेट मिळाली. त्याला मिळाली नाही. मी माझी त्याला देऊ केली तर म्हणाला, 'नको रे, आई त्यात भजी तळेल.'

या गोष्टीला चार महिने झाले. घाण्याच्या पानावर फॉलोअर वाढले आहेत, मालक कॉलेजांत बोलायला जातो. पॅनलच्या बिलातले साडेसात हजार अजून यायचे आहेत. भाऊ म्हणतो, तुझा दोस्त आहे, तूच एकदा विचार. मी मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिक आल्या आहेत.