पतन कीं सुटका ?

गेल्या पंधरवड्यांत आमच्या माजघरांत एका प्रश्नावरून चांगलीच जुंपली. 'ब्रेकिंग बॅड' ही ६२ भागांची अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका (२००८–२०१३) आम्हीं नातवाच्या आग्रहास्तव शेवटपर्यंत पाहिली. अल्बुकर्की शहरीं रसायनशास्त्र शिकविणारा वॉल्टर व्हाइट, कर्करोगाचें निदान होतांच, कुटुंबाची तरतूद म्हणून मेथ नांवाचें मादक द्रव्य बनवूं लागतो व खुनापर्यंत पोंचतो. अखेरीस स्वतःच्याच यंत्रणेंतून सुटलेली गोळी लागून तो मरतो. सूनबाई म्हणाल्या, योग्यच झालें. नातू म्हणाला, हा दंड कसला ? शत्रु मेले, पैसा मुलाच्या नांवें पोंचण्याची सोय झाली, आणि मरण आलें तें लाडक्या प्रयोगसाहित्याच्या सान्निध्यांत !

आमच्या मतें त्याचें पतन दोन भाग आधींच झालें होतें. त्याच्या कृत्यांपायीं साडू मारला गेला, व पोटच्या मुलानें आईच्या रक्षणार्थ बापाविरुद्ध पोलिसांना बोलाविलें. भासाच्या नांवावर असलेल्या 'ऊरुभंगा'त मांड्या मोडलेल्या दुर्योधनाकडे बाळ दुर्जय मांडीवर बसावयास येतो, आणि बापाला त्याला बसवून घेतां येत नाहीं. वॉल्टरही शेवटीं मुलाला दुरूनच पाहतो.

आम्ही जन्मभर हातीं खडू धरलेले. आमचें लक्ष जेसी पिंकमन या त्याच्या जुन्या विद्यार्थ्याकडे. गुरूनें त्याला विद्या दिली ती विषाची, आणि पुढें शत्रूंच्या स्वाधीनही केलें. अखेरीस वॉल्टर पिस्तूल त्याच्यापुढें सारून 'मार' म्हणतो. शिष्य ती आज्ञा मोडतो, आणि तेथेंच तो सुटतो. गुरूला याहून मोठी शिक्षा आम्हांस सुचत नाहीं.

मरण्यापूर्वीं वॉल्टर पत्नीपाशीं कबूल करतो कीं, हें सारें आपण स्वतःसाठींच केलें. येथें आम्ही चपापलों. आम्हींही 'मुलांसाठीं' म्हणून वर्षानुवर्षें संध्याकाळच्या शिकवण्या केल्या. घरच्या मुलांची पाटी पाहावयास मात्र सवड उरली नाहीं. त्यांत नांवलौकिकाची हौस किती होती, हें सौभाग्यवतींनीं कधीं विचारलें नाहीं, व आम्हीं सांगितलें नाहीं.

तेव्हां शेवट उचितच. लेखक-दिग्दर्शक व्हिन्स गिलिगन यांनीं त्या पैशाची सोय तेवढी लावावयास नको होती. तेवढ्यापुरता नातवाचा आक्षेप आम्हांस मान्य आहे.