दस्तरखान : नरम पडलेल्या पीचचे कॉब्लर



हापूसचा मोसम उतरणीला लागला की फळवाल्याच्या गाडीवर मखमली सालीचे, पिवळ्या अंगावर लाली असलेले एक फळ दिसू लागते. कोणी त्याला पीच म्हणतात, कोणी आडू. हिमाचलमधील सिरमौर जिल्ह्यातले राजगढचे खोरे, उत्तराखंडातला रामगढचा परिसर, काश्मीर आणि पंजाब या भागांतून हे फळ साधारण मे ते जुलैच्या काळात आपल्या बाजारात येते. पंजाबातली ‘शान-ए-पंजाब’ ही जात त्यातल्या त्यात लवकर पिकते.

पीच मोठे नाजूक फळ. आज घट्ट दिसते, उद्या सुवास सुटतो आणि परवा बोट लावले तरी खड्डा पडतो. सालीवर डाग दिसला की मुले ते फळ बाजूला सारतात. मग दोन-चार नरम पीच टोपलीच्या तळाशी पडून राहतात आणि शेवटी कचऱ्यात जातात. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत अल्लाहने खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच उधळपट्टीची मनाई केली आहे. इसराफ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्नातल्या जेवणावळी येतात. पण टोपलीच्या तळाशी कुजणारे फळही त्यातच मोडते.

म्हणून या महिन्यात पीच कॉब्लर. या पदार्थाला टणक, देखणी फळे लागतच नाहीत. नरम पडलेली, सुवास सुटलेली फळेच त्यात चांगली लागतात. खराब झालेला तेवढा भाग कापून टाकायचा आणि बाकीचे कामी आणायचे. मात्र बुरशी आलेले किंवा आंबूस वास येणारे फळ घेऊ नये.

हे कॉब्लर म्हणजे काय?

कॉब्लर हा अमेरिकेतला, विशेषतः तिथल्या दक्षिणेकडील राज्यांतला घरगुती गोड पदार्थ. खाली साखरेत मुरलेली फळे, वर लोणी घातलेल्या पिठाचे गोळे आणि सगळे एकत्र भाजलेले. भाजल्यावर वरचा थर बाहेरून खुसखुशीत आणि आतून पावासारखा मऊ होतो, तर खाली फळांचा दाट रस उकळत असतो. पिठाचे गोळे फुगून एकमेकांना चिकटतात तेव्हा गोट्यांनी बांधलेल्या जुन्या रस्त्यासारखे दिसतात. त्या गोट्यांना इंग्रजीत ‘कॉबल’ म्हणतात आणि नाव त्यावरून पडले असे सांगितले जाते.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांना पाय नावाचा पदार्थ करायची सवय होती. त्याला नीट लाटलेली पारी आणि चांगली भट्टी लागते. नव्या मुलुखात, प्रवासात आणि रानातल्या वस्तीत भट्टी कुठली? त्यांनी जाड बिडाच्या भांड्यात फळे घातली, वर पीठ टाकले, भांडे निखाऱ्यांवर ठेवले आणि झाकणावरही निखारे पसरले. त्या भांड्याच्या झाकणाला निखारे घसरू नयेत म्हणून उभी कड असे. आपल्यापैकी ज्यांनी बिर्याणीच्या देगेला खाली मंद आच आणि वर झाकणावर निखारे ठेवून दम दिला आहे, त्यांना ही रीत समजावून सांगायची गरज नाही.

फळाचा लांबचा प्रवास

पीच मुळात चीनचे. तिथून ते इराणात आले आणि इराणमार्गे युरोपात पोहोचले. युरोपीय लोकांना ते इराणचेच वाटले, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘पर्सिका’ हा शब्द आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेत नेले. १८७० च्या दशकात जॉर्जिया राज्यातल्या सॅम्युअल रम्फ या बागायतदाराने ‘एल्बर्टा’ ही जात तयार केली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले. लांबच्या प्रवासात टिकणारे हे पीच रेल्वेने दूरच्या शहरांत जाऊ लागले आणि जॉर्जियाचे नाव पीचशी जोडले गेले. आज अमेरिकेत सर्वाधिक पीच कॅलिफोर्नियात पिकतात, तरी १९९५ मध्ये जॉर्जियाने पीचला आपले राज्यफळ ठरवले.

या जॉर्जियाचा आणखी एक धागा आपल्याशी जुळतो. तिथल्या किनाऱ्याजवळ सॅपेलो नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मळ्यावर बिलाली मुहम्मद नावाचे एक गुलाम होते. ते पश्चिम आफ्रिकेतून, आजच्या गिनी देशाच्या भागातून आणले गेले होते. त्यांना अरबी लिहिता येत होते. त्यांच्या हातची छोटी अरबी वही जॉर्जिया विद्यापीठात जपून ठेवली आहे. बरीच वर्षे लोक तिला रोजनिशी समजत होते. पुढे अभ्यासकांनी वाचली तेव्हा तिच्यात वुजू, नमाज असे मालिकी फिकहचे मसले निघाले.

१९३० च्या दशकात बिलालींच्या वंशातल्या एका वृद्धेने आपल्या आजीची आठवण सांगितली. आजी तांदूळ रात्रभर भिजत घालायची, सकाळी कुटायची, त्यात मध किंवा साखर घालून चपट्या वड्या थापायची आणि मुलांना वाटायची. त्या वड्यांना ती ‘सरका’ म्हणायची. हा शब्द म्हणजे आपला ‘सदका’, असे अभ्यासक मानतात. आपली माणसे, भाषा, नाव सगळे हिरावले गेलेल्या लोकांच्या घरात सदक्याची आठवण एका गोड वडीत टिकून राहिली. तांदूळ भिजवून, कुटून गोड करणे कोकणातल्या आपल्या घरांनाही नवे नाही.

आज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुस्लिम घरांत ईदला जेवणानंतर कॉब्लर असतो आणि शेंगवर्गीय पांढऱ्या दाण्यांचा गोड ‘बीन पाय’ही असतो. गुलामीच्या काळापासून दक्षिणेतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत राबल्या त्या याच समाजातल्या बाया. त्यांच्या हाताची चव या पदार्थात आहे, नावे मात्र फारशी कुठे लिहिली गेली नाहीत.

दावत आणि दिखावा

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. अलीकडे आपल्याकडे कोणाला जेवायला बोलवायचे म्हटले की गोडाचा प्रश्न भारी होतो. बाहेरून महागडा केक आणायचा, तोही फोटोत चांगला दिसेल असा. ज्या घरात तेवढी ऐपत नाही ती बाई बोलावणेच टाळते. ‘आमच्याकडे काय आहे?’ असे म्हणत वर्ष निघून जाते आणि नात्यात अंतर पडते. मेहमाननवाजीसाठी मोठा खर्च लागतो असे आपल्या दीनने कुठेही सांगितलेले नाही.

कॉब्लर दिसायला ओबडधोबडच असतो. त्यावर नक्षी नाही, क्रीमची फुले नाहीत. एका भांड्यात होतो, त्याच भांड्यातून वाढायचा. शिवाय तो मेहमान येण्याआधी तयार होतो. घरची बाई गरम स्वयंपाकघरात घाम पुसत उभी न राहता सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसू शकते. उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नाही.

आधी लेबल वाचा

परदेशी कृती पाहून करताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

१. अनेक अमेरिकी कृतींत बर्बन किंवा रम घालायला सांगतात. ती भाजताना ‘उडून जाते’ या भरवशावर राहू नका. ती घालायचीच नाही. लिंबाचा रस आणि थोडी किसलेली साल घातली की चव छान उठते.

२. दक्षिणेकडील जुन्या कृतींत पिठात ‘लार्ड’ असते. ती डुकराची चरबी आहे. ‘शॉर्टनिंग’ लिहिले असेल तर ते वनस्पतीचे की प्राण्याचे, ते पाहा. आपण लोणीच वापरणार आहोत.

३. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट अल्कोहोलमध्ये तयार करतात. पाकिटावरचे हिरवे चिन्ह प्राणिज चरबी किंवा जिलेटिन नाही एवढेच सांगते, अल्कोहोलबद्दल काही सांगत नाही. इसेन्सबाबत शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. या कृतीत व्हॅनिलाची गरजच नाही. वेलची किंवा दालचिनी पुरे.

साहित्य (६ ते ८ जणांसाठी)

फळांसाठी : पिकलेले पीच १ किलो, साखर १०० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर १ मोठा चमचा, लिंबाचा रस १ मोठा चमचा, दालचिनी किंवा वेलची पूड पाव चहाचा चमचा, चिमूटभर मीठ.

वरच्या थरासाठी : मैदा दीड कप (सुमारे १९० ग्रॅम), साखर ३ मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, मीठ पाव चहाचा चमचा, थंड लोणी ७५ ग्रॅम, थंड दूध अर्धा कप. लोणी खारे असेल तर वेगळे मीठ घालू नका. मैद्यातला अर्धा कप काढून तेवढी कणीक घातली तरी चालते.

कृती

बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात करा. पातेल्यात पाणी उकळा. पीचच्या तळाशी सुरीने फुलीसारखी चीर द्या, ३० ते ४० सेकंद उकळत्या पाण्यात सोडा आणि लगेच थंड पाण्यात टाका. पिकलेल्या फळाची साल हाताने निघते. काही जातींत बी गराला घट्ट चिकटलेली असते. तिथे ओढाताण न करता बीभोवती सुरी फिरवून फोडी काढा. बिया लगेच टाकून द्या. आतला दाणा बदामासारखा दिसतो, पण तो खाण्याजोगा नसतो. मुलांना फोडून खाऊ देऊ नका.

फोडींत साखर, लिंबाचा रस, मीठ, मसाला आणि कॉर्नफ्लॉवर मिसळा. १५ मिनिटे मुरू द्या. ओव्हन १९० अंश सेल्सियसवर तापवा. फळे काचेच्या किंवा स्टीलच्या खोलगट भांड्यात ओता. ॲल्युमिनियमच्या उघड्या भांड्यात आंबट रसाला धातूची चव येते, म्हणून ते टाळा. भांडे १० मिनिटे ओव्हनमध्ये ठेवा. फळे आधी गरम झाली की वरचे पीठ खालून कच्चे राहत नाही.

तेवढ्या वेळात मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करा. थंड लोण्याचे लहान तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळा. जाड रव्यासारखे दिसले की थांबा. वाटाण्याएवढे लोण्याचे खडे राहिले तर उत्तम, त्यांनीच थर खुसखुशीत होतो. आता दूध घालून चमच्याने जेमतेम एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखे मळू नका, नाहीतर थर चिवट होतो.

गरम फळांवर मोठ्या चमच्याने पिठाचे गोळे सोडा. मध्ये थोडी जागा राहू द्या, तिथून वाफ बाहेर पडते. हे काम मुलांना द्या. त्यांना वाकडेतिकडे जमले तरी बिघडत नाही. वरून थोडी साखर भुरभुरा आणि ३५ ते ४० मिनिटे भाजा. वरचा रंग सोनेरी झाला, गोळ्याच्या आतला भाग कोरडा दिसला आणि कडेने रस दाट होऊन बुडबुडू लागला की झाले. रस उकळल्याशिवाय कॉर्नफ्लॉवर दाट होत नाही, म्हणून बुडबुडे दिसेपर्यंत घाई करू नका. बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबा. लगेच वाढला तर रस पातळ वाटतो आणि जीभही भाजते.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा जाड थर पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा. कुकर वापरत असाल तर शिट्टी आणि रबर काढून ठेवा आणि पाणी घालू नका. फळे वेगळ्या भांड्यात उकळी येईपर्यंत शिजवून घ्या, स्टीलच्या डब्यात ओता, वर पिठाचे गोळे सोडा आणि डबा स्टँडवर ठेवा. मंद ते मध्यम आचेवर ४५ ते ५० मिनिटे लागतात. वरचा रंग फिका राहतो. त्यासाठी गोळ्यांना आधी दूध लावा. निखारे असतील तर शेवटची १० मिनिटे धातूच्या झाकणावर पसरा, दमाच्या देगेसारखे.

थोडे बदल

पीच नसतील तर आलूबुखार घ्या आणि साखर थोडी वाढवा. मोसमाच्या शेवटचे नरम आंबे असतील तर साखर निम्मी करा आणि लिंबू दुप्पट. डब्यातले पीच वापरताना पाक निथळून टाका आणि साखर चवीपुरतीच घाला. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर त्याला वरचा थर कमी आणि फळ जास्त वाढा, प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

कॉब्लर कोमट असताना घट्ट थंड दह्यासोबत किंवा सायीसोबत छान लागतो. उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, पण एवढ्या गोडाला उरू देण्याची गरज नाही. भांडे उतरल्यावर पहिली वाटी शेजारच्या घरी पाठवा. सालन करताना रस्सा थोडा वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्याची शिकवण आपल्याला प्रेषित (सल्ल.) यांच्याकडून मिळाली आहे. या महिन्यात रश्श्याऐवजी फळांची वाटी जाऊ द्या. ज्या घरी बरेच दिवस जाणे झाले नाही, त्या घरी आधी पाठवा.