नशीब सटवाई लिहीत नाही

बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या काही घरांतही हे अजून चालते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, पेटीत असेल, तर 'नशिबात असेल तसे होईल' म्हणून घर हात जोडून बसते. खरे तर त्याच दिवसांत बाळासाठी आपल्या हातून बरेच काही होऊ शकते.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूची मोठी जोडणी चालू असते. डोळे, कान, त्वचा यांचे संदेश मेंदूच्या वरच्या थरापर्यंत नेणारे तंतू याच सुमारास तिथे पोहोचतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यातील बाळाच्या मेंदूचा विद्युत आलेख काढला, तर थोडा वेळ जोरदार लहरी आणि मग शांतता असे तुटक चित्र दिसते. दिवस भरत जातात तशा लहरी सलग होतात. स्पर्श, हालचाल, ऐकणे, पाहणे यांची जाळी आधी घडतात. विचार आणि एकाग्रतेची पुढे अनेक वर्षे घडत राहतात.

लवकर जन्मलेल्या बाळाची हीच जोडणी प्रखर उजेडात, यंत्रांच्या आवाजात, सुया सोसत होते. म्हणून त्याची बुद्धी कमीच राहील असे मुळीच नाही. पण त्याला शांत झोप, आईचे दूध आणि आईच्या अंगाची ऊब हवी.

१९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील अभ्यासात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे छातीशी धरले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू शंभरात सुमारे सोळावरून बारावर आले. आता जागतिक आरोग्य संघटनाही रोज ८ ते २४ तास ही पद्धत वापरायला सांगते.

तरीही अनेक आया काचेबाहेरच्या बाकावर बसलेल्या दिसतात. आईला आत घेणे ही मेहेरबानी नव्हे, तो उपचार आहे. 'कांगारू कधी सुरू करायचे?' हे डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. आई थकली तर बाप किंवा आजी बाळाला छातीशी धरू शकते. घरी आल्यावर विटाळ म्हणून बाळंतिणीला दूर बसवू नका. ज्यांच्या पूर्वजांना स्पर्शच नाकारला गेला, त्यांच्या घरात तरी हे नको.

पण रोजंदारी बुडवून आई इतके तास बसणार कशी? १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील पगारी विश्रांतीची बाजू मांडली. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आज धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींना तशी रजा मिळत नाही. ती मागणी संघटनांनी लावून धरावी. तोवर वस्तीतल्या महिला मंडळाने अशा घरचा डबा आणि थोरल्या मुलांची देखभाल वाटून घ्यावी. पाचवीचा खर्च तिथे लावला, तर तो खऱ्या अर्थाने बाळाच्या कामी येईल.