नुसतं बघायचे पाचशे?

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण गेले तीन महिने एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, ती एकदा बाहेर पडल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही. विषय आहे आमची व्हॅन. राग व्हॅनवर नाहीये. कोणावर आहे ते पुढे येईलच.

तर मंडळी, आमच्याकडे १९९६ सालची मारुती ओम्नी आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली, इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे उन्हाळ्यात ड्रायव्हरला बुडाखालून शेक फुकट! हिंदी सिनेमाने ही गाडी अपहरणासाठी राखीव ठेवली, पण आमच्या बाबांनी तिच्यातून पंचवीस वर्षं लाईट, छत्र्या, स्टँड आणि कॅमेऱ्याच्या बॅगा वाहिल्या. बाबा लग्नाचे फोटोग्राफर. आमचं घर, माझं इंजिनिअरिंग, ताईचं लग्न, सगळं या डब्यातून आलंय. १९८४ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा नाव नुसतं 'मारुती व्हॅन' होतं, ओम्नी नंतर झाली. २०१९ मध्ये कंपनीने ती बंद केली. आमची चालूच आहे. म्हणजे, होती.

गुढीपाडव्याला वाईला निघालो आणि खंबाटकीच्या घाटात गाडीने दम टाकला. तिसऱ्यात उचलेना, दुसऱ्यात कशीबशी चढली, मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून शिव्या देत होते. तापली नाही, मिसिंग नाही, धूर नाही. नुसता पिकअप नाही. ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला तरी जणू गाडी ऐकून न ऐकल्यासारखं करतेय.

मग सुरू झाली गॅरेजची वारी.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट... सॉरी, सीट वर केली, दोन मिनिटं इंजिन रेझ केलं आणि निकाल लागला : "काका, कार्बोरेटर गेलाय." नवा कार्बोरेटर, साडेआठ हजार. फरक शून्य. दुसऱ्या गॅरेजमध्ये प्लग, प्लगच्या वायरी, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असं सगळं नवीन. तीन हजार दोनशे. स्टार्टिंग जरा बरं झालं, घाट तसाच. तिसऱ्याने मात्र गेज लावून कॉम्प्रेशन बघितलं आणि दुःखद चेहरा करून सांगितलं, "तिन्ही सिलिंडर डाऊन आहेत काका. रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावं लागेल, अठ्ठावीस हजार धरून चाला."

अठ्ठावीस हजार ऐकल्यावर बाबा गप्प झाले. भंगारवाला अठरा हजार द्यायला तयार होता. बाबांनी आरसी बुक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस ते तिथेच पडून होतं. ऑफिसात सगळ्यांचं एकमत. "अरे दे भंगारात, ईएमआयवर नवीन घे." एक जण म्हणाला, "ई-ट्वेंटी पेट्रोलने वाट लावली असणार." ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट होती. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं की मिश्रण पातळ होतं. नवी गाडी सेन्सरवरून पेट्रोल वाढवून घेते, कार्बोरेटरचं जेट बिचारं जेवढं भोक आहे तेवढंच सोडतं. शिवाय जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही. पण हे सगळं हळूहळू होणारं दुखणं. आमची गाडी हळूहळू बिघडली का एका दिवसात, हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही! दिवसभर ऑफिसात 'लास्ट चेंज काय होता?' म्हणून ज्युनिअर पोरांचं डोकं खाणारे अस्मादिक.

उत्तर घरातच होतं. बाबा प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की डायरीत तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहितात. (फिल्म रोलच्या काळातली सवय. प्रत्येक रोलचा हिशोब.) रात्री बसून एक्सेलमध्ये टाकलं. वर्षभर ॲव्हरेज तेरा-साडेतेरा. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून सरळ साडेदहा. उतार नाही, एकदम पायरी. गावात पाच किलोमीटर फिरताना ते कळलं नाही, घाटात कळलं. आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काय झालं होतं? कॅमचं ऑइल सील गळत होतं म्हणून ते बदललं, आणि उघडलंच आहे तर टायमिंग बेल्टही नवा टाकला. कुठे? त्याच पहिल्या गॅरेजमध्ये.

तरी लगेच उडी मारायची नाही असं ठरवलं, कारण तारखा जुळल्या म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्यूम गेज असे दोन गेज मागवले, दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही बापलेक. सेक्रेटरीकाका लांबून बघत होते, ऑइल सांडतंय का म्हणून.

आधी फुकटच्या तपासण्या. जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवली, ब्रेक धरून बसलेले नाहीत. बाबा पेडल पूर्ण दाबून बसले आणि मी कार्बोरेटरमध्ये टॉर्च मारून बघितलं, थ्रॉटल पूर्ण उघडतोय. (केबल ताणली गेली की तो अर्धाच उघडतो, आणि लोक अर्ध्या थ्रॉटलवर इंजिन खोलून बसतात. हसू नका, ऐकलंय.) पंपाची नळी काढून बाटलीत धरली, पेट्रोल नीट पिचकाऱ्या मारत येतंय.

मग व्हॅक्यूम गेज. हे खेळणं मला इतकं आवडलंय की त्यावर वेगळी पोस्ट होईल. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. थ्रॉटल बंद असताना तो हवा ओढायला बघतो आणि मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. ती किती आणि कशी, यावरून आत काय चाललंय ते बाहेर बसून कळतं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला साधारण अठरा ते बावीस इंच दाखवतं. दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा, म्हणजे पुण्यात दोनेक इंच कमी. काटा ठरावीक ठेक्यात खाली झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रेस वाढवून धरल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर चोक. आमचा काटा तेरावर. आणि हलत नाही, अगदी दगडासारखा स्थिर. सगळे सिलिंडर सारखेच आजारी. कमी पण स्थिर म्हणजे पहिला संशय टायमिंगवर.

नंतर कॉम्प्रेशन. तिन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारायचा. थ्रॉटल उघडा ठेवला नाही तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही 'डाऊन' दिसतं. आले १२४, १२६, १२२ पीएसआय. तिसऱ्या गॅरेजवाल्याचं मोजमाप बरोबर होतं! पण त्याने पुढचा प्रश्न विचारला नव्हता. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइल ती फट तात्पुरती बुजवतं आणि आकडा टणकन वर जातो. आमचे गेले १३१, १३२, १२९. थोडंफार तर चांगल्या इंजिनातही वाढतं. म्हणजे रिंगा गेलेल्या नाहीत. तीस वर्षांत तीन सिलिंडर इतके मोजून-मापून सारखे झिजतात होय?

बेल्ट एक दाता चुकला की कॅम क्रँकच्या मागे पडतो. व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर येताना हवा दाबायच्या ऐवजी थोडी परत ढकलतो. तिन्ही सिलिंडरमध्ये सारखाच दाब कमी, सारखीच पोकळी कमी. इंजिन सुरू होतं, गुरगुरतं, आणि घाटात हात वर करतं. ठिणगीचं टायमिंग डिस्ट्रिब्युटर फिरवून कानाने जुळवलं की वरवर सगळं ठीक वाटतं. हवा, पेट्रोल, ठिणगी सगळं हजर, फक्त वेळ चुकलेली.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, गॅरेजवाले चोर! मीही त्याच सुरात ही पोस्ट लिहायला घेतली होती. पहिला ड्राफ्ट तर काय सणसणीत होता. पण मग बाबांनी एक आठवण करून दिली आणि तो ड्राफ्ट डिलीट केला.

पहिल्या गॅरेजवाल्याने सुरुवातीला काय विचारलं होतं माहितीये? "नीट तपासायला अर्धा दिवस लागेल, पाचशे होतील." आणि मी, महिन्याला घरबसल्या ब्रॉडबँडवर हजार घालवणारा मी, म्हणालो होतो, "नुसतं बघायचे पाचशे?"

त्याने खांदे उडवले आणि कार्बोरेटर टाकला.

बघा ना. त्याला बघण्याचे पाचशे द्यायला मी तयार नव्हतो, पण न बघता टाकलेल्या पार्टचे साडेआठ हजार मुकाट्याने दिले, कारण पार्ट हातात धरता येतो. चकचकीत खोका, त्यावर छापील किंमत, आणि जुना पार्ट पिशवीत घालून परत. पैसे 'कुठेतरी गेले' असं वाटतं. विचार मात्र पिशवीत घालून देता येत नाही. गॅरेजचं कुठलंही बिल काढून बघा. पार्ट, लेबर, ऑइल, टॅक्स. 'दोष शोधला' अशी ओळच नसते. मग ज्या कामाला बिलात ओळ नाही ते काम कोण करणार? त्यालाही पोरांची फी भरायची आहे. पार्टवर कमिशन आहे, विचारावर नाही. आपणच हा धंदा असा घडवलाय आणि वर मिशा पिळून सांगतो, आजकाल चांगले मेकॅनिक राहिले नाहीत.

डॉक्टरकडे तरी वेगळं काय करतो? नाडी बघितली, दहा मिनिटं बोलले आणि "काही नाही, दोन दिवस आराम करा" म्हणाले, की बाहेर आल्यावर आपणच कुरकुरतो, साधी गोळीपण दिली नाही! सुई टोचली की पैसे वसूल.

आणि आपली आयटी? कृपया हसू नका. सर्व्हर स्लो आहे? रॅम वाढवा. अजून स्लो? अजून दोन सर्व्हर. रिस्टार्ट करून बघितलं का? हा आमचा कार्बोरेटर. एस्टिमेट पाठवलं की क्लायंट सगळ्यात आधी कुठल्या तासांवर फुली मारतो? ॲनालिसिसच्या. आणि आम्ही निमूटपणे ते तास काढून टाकतो, मग तेच काम रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर करतो. त्या गॅरेजवाल्याने जे केलं ते मी गेली सहा वर्षं एसीत बसून करतोय. फरक एवढाच, माझे हात काळे होत नाहीत.

असो. बेल्टचं कव्हर उघडायला स्वतः धजावलो नाही. बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे फिटर आहेत, त्यांना डायरी आणि आकडे घेऊन भेटलो. त्यांनी आकड्यांच्या कागदाकडे नीट बघितलं, माझ्याकडे जरा कमी. कव्हर काढलं, क्रँकची खूण जुळवली आणि वर बोट दाखवलं. कॅमच्या पुलीवरची खूण बरोबर एक दाता मागे. बेल्ट सैल करून जागेवर बसवला, ताण दिला, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत तपासल्या, मग डिस्ट्रिब्युटर लाईट लावून सेट केला. दोन तास. कॉम्प्रेशन १५६, १५८, १५५. व्हॅक्यूम साडेसतरा.

"किती द्यायचे काका?"

"द्या चारशे. पार्ट तर काहीच लागला नाही."

आणि खरं सांगतो, हे सगळं कळूनही, माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की वा, स्वस्तात सुटलो. हात खिशात गेला तो चारशे मोजायलाच. बाबांनी मला बाजूला सारून त्यांच्या हातात दीड हजार ठेवले. फिटरकाका परत करायला लागले, "अहो, एवढे कशाचे?" बाबा म्हणाले, "उन्हात दोन तास थांबून लाईट बघायचो आणि एक फोटो काढायचो, तेव्हा लोक मलाही विचारायचे, एका फोटोचे एवढे?"

गेल्या रविवारी वाईला जाऊन आलो. खंबाटकी तिसऱ्यात. आरसी बुक परत कपाटात गेलंय. जुना कार्बोरेटर अजून पिशवीत तसाच आहे, त्याला काहीही झालेलं नव्हतं. परवा सुट्टी काढून त्या पहिल्या गॅरेजमध्ये जाणार आहे. भांडायला जायचं का पाचशे द्यायला, ते अजून ठरत नाहीये. बेल्ट त्यांनीच चुकवला होता, हेही खरंच आहे.