साबणाची वडी आणि भाड्याच्या दोन खोल्या

निवृत्तीच्या दिवशी खानदेशातील नोकरदार गृहस्थाच्या हाती दोन गोष्टी पडतात. एक शाल-श्रीफळ आणि दुसरी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम. शालीचे काय करावे, हे सर्वांना ठाऊक असते. रकमेविषयी मात्र घरातील प्रत्येकाचे मत वेगळे असते. पुण्याला नोकरी करणारा मुलगा दूरध्वनीवरून शेअर सुचवतो. सौभाग्यवतींचा कल दोन खोल्यांकडे असतो. बहुधा खोल्याच जिंकतात. कारण खोली दिसते, तिला कुलूप लावता येते, पाहुण्यांना दाखवता येते. शेअरला रंग देता येत नाही. चुना मात्र लागू शकतो!

भाड्याच्या घराचे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा, जळगावात किंवा धुळ्यात ४० लाखांचे घर घेतले आणि दरमहा ९,००० रुपये भाडे ठरले. वर्षातला एक महिना घर रिकामे राहतेच. म्हणजे हाती आले ९९,०००. घरपट्टी, डागडुजी, गळणारा नळ आणि बिघडलेली मोटार यांसाठी १९,००० वजा केले, तर उरले ८०,०००. गुंतवणुकीवर दोन टक्के! बँकेतील मुदत ठेवही याहून अधिक देते. शिवाय भाडेकरू आधी पाणी किती दिवसांआड येते ते विचारतो, नंतर भाडे. घराची किंमत वाढते हे खरे. पण ती हाती येण्यासाठी घर विकावे लागते, आणि घर विकण्याचा विषय निघाला की घरात कोणी जेवत नाही.

आता त्याच जळगाव जिल्ह्यातील अमळनेरकडे वळावे. २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. तिचा वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरात उभा राहिला. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची उत्पादने. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींनी शिक्षण अर्धवट सोडून कारभार हाती घेतला. हीच पुढे ‘विप्रो’ झाली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी तिचे शेअर घेऊन ठेवले, त्यांच्या श्रीमंतीच्या कथा आजही देशभर सांगितल्या जातात.

हिशेब केवळ अलीकडचा पाहू. २००४ च्या बोनसपूर्वी ज्याच्याकडे ३०० शेअर होते, त्याचे एकास दोन या बोनसने ९०० झाले. २००५ मध्ये १,८००, २०१० मध्ये ३,०००, २०१७ मध्ये ६,०००, २०१९ मध्ये ८,००० आणि २०२४ मध्ये १६,०००. अर्थात बोनस म्हणजे एका भाकरीचे दोन तुकडे. तुकडे वाढले म्हणून पीठ वाढत नाही. पीठ वाढले ते धंदा वाढल्यामुळे. तूप-साबणाची कंपनी संगणकाकडे वळली, आणि भागधारक स्वस्थ बसून राहिले.

येथेच एक सावधगिरी हवी. स्वयंपाकघरातील ओळखीचे नाव म्हणजे शेअरबाजारातील ओळख नव्हे. संतूर साबण विप्रोचा, म्हणून जो आज विप्रोचा शेअर घेईल, त्याच्या वाट्याला साबणाचा फेससुद्धा येणार नाही. २०१३ मध्येच तो व्यवसाय वेगळा होऊन शेअरबाजारात नोंद नसलेल्या कंपनीकडे गेला. आपल्या गावची कंपनी हाही पुरेसा आधार नव्हे. ठिबक सिंचन घरोघर पोहोचवणारी जैन इरिगेशन हा जळगावचा अभिमान; तिच्या नळ्या शेतकऱ्याने डोळे मिटून घ्याव्यात. तरीही कर्जाचा भार असह्य झाल्यावर २०२० मध्ये तिच्या शेअरचा भाव एकेरी रुपयांत उतरला. माल उत्तम असणे आणि ताळेबंद उत्तम असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग अमळनेरकरांचे शहाणपण कशात होते? त्यांनी शेअरला घरासारखे वागवले. स्वतःच्या घराचा भाव रोज सकाळी कोणी विचारत नाही. शेजाऱ्याने स्वस्तात विकले म्हणून कोणी आपले घर घाईने विकत नाही. ही स्थितप्रज्ञता भिंतींना मिळते, कागदाला मिळत नाही. उलट, घराबाबत आवश्यक असलेली कागदपत्रांची दक्षता मात्र आपण टाळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. ‘ओळखीचा माणूस आहे’ हा करार नव्हे.

तेव्हा ज्याला महिन्याचा किराणा भाड्यातून भागवायचा आहे, त्याने झेपेल तेवढ्याच किमतीचे घर जरूर घ्यावे. ज्या पैशाची दहा-पंधरा वर्षे गरज नाही, त्याचा काही भाग चार-सहा सुदृढ कंपन्यांत वाटून ठेवावा. एकाच नावावर सर्व भिस्त नको. आणि दोन्हींची कागदपत्रे कोठे आहेत, नामनिर्देशन कोणाचे आहे, हे सौभाग्यवतींना आजच दाखवून ठेवावे. उद्या घरधनी नसताना त्या माउलीला कुलपाची किल्ली सापडेल. पण डीमॅट खाते कोणत्या बँकेत आहे, हे सांगायला साबणाची वडी येणार नाही.