स्थानिक नियम

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. सैन्यात सुभेदारपदापर्यंत चढून तो नुकताच निवृत्त झाला आहे. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका छावणीतील गोल्फच्या मैदानाची देखरेख त्याच्याकडे होती. बोलता बोलता त्याने खिशातून घडी पडलेले एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. पुढच्या बाजूस गुण मांडण्याचे रकाने होते, पाठीमागे बारीक अक्षरांत आठ-दहा कलमे छापलेली होती, आणि त्यांचा मथळा होता 'स्थानिक नियम'. "सर, तुम्ही आम्हांला व्याकरणाचे अपवाद शिकवीत होता ना, तसलेच हे आहे," तो हसून म्हणाला.

गोल्फ हा काही आपल्या पांढुर्णा-सौंसरचा खेळ नव्हे. आपल्याकडे हिरवळ म्हणजे संत्र्याच्या बागेखालची किंवा जाम नदीच्या काठची, आणि तीही गुरांच्या वाट्याची. परंतु व्याकरण शिकविण्यात जन्म गेलेल्या माणसास नियम आणि अपवाद यांचे नाते जेथे दिसेल तेथे थांबावेसे वाटते. ते कार्ड मी ठेवून घेतले आणि दोन-तीन रात्री त्या विषयावर जे मिळेल ते वाचीत बसलो. वाचता वाचता मन गोल्फवरून निघून आपल्याच नदीपात्रात कसे येऊन उभे राहिले, तेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

हुतूतूचे मैदान आखून घेता येते, खो-खोचे खांब मोजून रोवता येतात. गोल्फचे मैदान मात्र जमिनीच्या कलाने जाते. कोठे ओढा, कोठे टेकाड, कोठे झाडी. जगातील कोणतीही दोन मैदाने सारखी नाहीत. खेळाचे मूळ तत्त्व असे की, चेंडू जेथे पडला तेथूनच, जसा पडला तसाच तो मारावयाचा. जागा वाईट मिळाली म्हणून तक्रार करावयाची नाही. पण एखाद्या मैदानातून गावचा रस्ताच जात असेल, तर काय करावे? कोठे नवी रोपे लावली असतील तर? ही उत्तरे सर्वसाधारण नियमांत सापडत नाहीत. ती त्या त्या मैदानाच्या समितीने द्यावयाची असतात. तेच स्थानिक नियम.

या खेळाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम स्कॉटलंडमधील लीथ येथले, १७४४ सालचे. एकूण कलमे तेरा. त्यांतले तेरावे कलम मला फार बोलके वाटले. मैदानाच्या रक्षणासाठी खणलेले चर आणि खंदक, शाळकरी मुलांनी केलेले खड्डे आणि शिपायांच्या रांगांच्या खुणा यांना खेळातील अडथळे समजू नये, चेंडू तेथून बाहेर काढून मारावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे खेळाचा पहिला कायदा लिहिला गेला त्याच दिवशी त्याच्या पोटात स्थानिक नियमही जन्मास आला! लीथच्या त्या मैदानावर मुले बागडत होती, पलटण कवाईत करीत होती, आणि खेळणाऱ्यांनी ते गृहीत धरून आपला कायदा बेतला. पुढे स्कॉटलंड-अमेरिकेतील दोन मोठ्या संस्थांनी १९५२ साली जगासाठी एकच नियमावली केली, २०१९ साली तिची मोठी फेररचना झाली, तरी स्थानिक नियमांची जागा कोणी हिरावून घेतली नाही.

काही स्थानिक नियम तर कथेसारखे वाचावेत असे आहेत. युगांडात जिंजा येथील मैदानावर नदीतले पाणघोडे चरावयास येत. त्यांच्या पावलाच्या खळग्यात चेंडू अडकला तर तो दंडाविना उचलून घेण्याची मुभा होती. १९४० साली लंडनजवळच्या रिचमंड क्लबाने युद्धकाळापुरते नियम केले. बॉम्ब पडत असताना सामना खेळणाऱ्याने आडोशास जाण्यासाठी खेळ थांबविला तर त्याला दंड नाही. शत्रूच्या माऱ्याने चेंडू हलला तर तो पुन्हा जागेवर ठेवावा. गवत कापण्याचे यंत्र बिघडू नये म्हणून मैदानातील गोळ्यांचे तुकडे खेळाडूंनीच वेचावेत. मात्र ऐन फटका मारताना स्फोटाने हात चुकला तर दुसरा चेंडू मारता येईल, पण एका फटक्याचा दंड बसेल! आकाशातून मृत्यू पडत असताना या मंडळींनी एका फटक्याचा हिशेब सोडला नाही. यात विनोद आहेच, पण त्याखाली एक शहाणपणही आहे. खेळ चालावा, आणि खेळणाराही उद्या शिल्लक राहावा.

आज तर साप, मधमाश्या, अस्वल अशा जिवावर बेतणाऱ्या प्राण्यांजवळ चेंडू गेल्यास सुरक्षित जागी तो दंडाविना टाकण्याची सवलत मुख्य नियमांतच आली आहे. माझ्या सुभेदाराच्या कार्डावरील एक कलम मात्र त्याहून साधे होते. आधाराची काठी बांधलेल्या कोवळ्या रोपाला खेळणाऱ्याचा अडसर होत असेल, तर त्याने चेंडू दूर नेलाच पाहिजे. येथे सवलत खेळाडूला नाही, झाडाला आहे. "रोप मोडले तर पुढच्या पिढीला सावली कोण देणार, सर?" सुभेदार म्हणाला.

स्थानिक नियम करणाऱ्या समितीलाही एक मर्यादा आहे. जागेची खरी अडचण दूर करण्यापुरताच तिचा अधिकार. 'आम्हांला हा नियम आवडत नाही' एवढ्या कारणास्तव मूळ नियम बाजूस सारण्याची तिला मुभा नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या पिढीतील कोण विटी-दांडू खेळला नसेल? वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वई, जकू ही मोजणी आठवते ना? ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु हे तेलुगू आकडे त्यांच्याशेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे पोरांच्या खेळाने सीमा केव्हाच ओलांडली होती हे ध्यानी येते. गल्लीगणिक नियम निराळे. आमच्या गल्लीत विटी विहिरीत पडली तर डाव बाद, शेजारच्या गल्लीत पुन्हा मार. अनोळखी पोरगा खेळावयास आला की आधी नियमांची बोलणी होत, मग खेळ. ते नियम कोणी लिहून ठेवले नव्हते; तरी ते मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळावयास घेत नसे.

या अलिखित नियमांना लिखित रूप देण्याचे काम आपल्याच माणसांनी केले, हे आपण विसरू नये. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. हुतूतूच्या संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन तऱ्हा ठिकठिकाणी चालत. त्यांतून एक सर्वमान्य पद्धती घडविण्यास वर्षानुवर्षे बैठका आणि वाद झाले. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत करणारी 'संजीवनी' ही तऱ्हाच अखेर टिकली. गडी मेला की मेला, अशी रीत असलेली गामिनी मागे पडली. आपल्या समाजाने निवड केली ती गडी परत उठविणाऱ्या खेळाची.

हे सारे लिहिताना जो विषय टाळीत होतो तो आता समोर आला आहे. पोळा जवळ येत आहे. आपल्या मराठी पंचांगाप्रमाणे तो श्रावणी अमावास्येस येतो, आमच्या शाळेतील हिंदी पंचांगात तीच भाद्रपदातील अमावास्या असते. दुसऱ्या दिवशी मात्र शुद्ध प्रतिपदेला दोन्ही पंचांगे एक होतात, आणि त्याच दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते. गोटमार!

दूरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. जंगलातून आणलेले पळसाचे झाड नदीच्या मध्यभागी रोवतात आणि त्याला झेंडा लावतात. तो झेंडा हस्तगत करण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या देवळात नेला जातो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या प्रेमाची व नदीपात्रातच झालेल्या त्यांच्या अंताची कथा सर्वत्र सांगितली जाते. दोन्ही गावांत सोयरिकी आहेत. सकाळी दगड मारणारा आणि झेलणारा हे पुष्कळदा मामा-भाचे असतात. १९५५ पासून दहांहून अधिक माणसे या खेळात दगावली आहेत, आणि दरवर्षी जखमींची संख्या शेकड्यांत जाते.

बाहेरची वर्तमानपत्रे याला रानटीपणा म्हणून मोकळी होतात. मी तसे म्हणणार नाही, कारण या खेळाचेही स्थानिक नियम आहेत आणि त्यांत माणुसकी आहे. दगड हाताने मारावा, गोफणीने मारू नये, ही जुन्या माणसांची मर्यादा. वैर नदीतच सोडून घरी जावे, हीही मर्यादा. सर्वांत सुंदर नियम असा की, संध्याकाळपर्यंत झेंडा कोणाच्याच हाती लागला नाही तर दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी परस्पर संमतीने खेळ थांबवावा आणि झेंडा देवीला अर्पण करावा. अनेक वर्षी तसे घडलेही आहे. पुढे गोफणी आल्या, दारू आली, आणि मर्यादा सुटत गेल्या. नियम मोडले, परंपरा मात्र तीच म्हणून सांगितली जाऊ लागली.

काही वर्षांपूर्वी गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गावर गेलो. मागच्या बाकावरील एका मुलाच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. हस्ताक्षर मोत्यासारखे, चित्रकलेत जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा. तो डोळा पुन्हा उघडला नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचे आजोबा ओसरीवर बसले होते. त्यांच्या स्वतःच्या कपाळावरही जुन्या दगडाची खूण होती. ते म्हणाले, "गुर्जी, आमच्या आज्यानं खेयली, बापानं खेयली, आमी खेयलो. आता पोरायनं काय घरात बसावं?" मी म्हटले, "बाबा, तुमच्या काळी गोफण होती का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "नोती. गोफनवाल्याले आमी हाकलून देत होतो." आतून मुलाच्या आईचे हुंदके ऐकू येत होते. तिला कोणीच काही विचारले नव्हते. मीही नाही, ही खंत आजवर आहे.

प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले होते. ते कोणी हाती धरले नाहीत. जमावबंदीचे हुकूम निघतात, पोलीस उभे राहतात, आणि दगड चालूच असतात. असे का होते याचे उत्तर मला त्या गोल्फच्या कार्डावर सापडले. स्थानिक नियम बाहेरून आणून ठेवता येत नाही. मैदान ज्यांचे, समिती त्यांची असावी लागते. लीथच्या खेळाडूंनी मुलांचे खड्डे आणि शिपायांच्या खुणा मान्य केल्या, कारण ती त्यांच्या डोळ्यांसमोरची जमीन होती. परंतु त्याच कार्डाचा दुसरा धडाही तितकाच खरा आहे. समितीला मूळ नियम मोडण्याचा अधिकार नसतो. आणि कोणत्याही खेळाचा मूळ नियम एकच आहे, तो म्हणजे गडी घरी परतला पाहिजे. 'आमच्या गावची रीत' हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. पोळ्यापूर्वी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन्ही गावांतील जाणत्यांनी देवीच्या देवळात एकत्र बसावे, आणि जखमी मुलांच्या आयांनाही त्या बैठकीत मानाने बोलवावे. जुन्या मर्यादा आठवून लिहून काढाव्यात. गोफण नाही. प्यालेला माणूस नदीत उतरणार नाही. अठरा वर्षांखालील मुलगा काठावरही नाही. दिवस मावळण्यापूर्वी संमतीने खेळ थांबेल. एवढे एका वर्षी पाळले गेले, तर पुढल्या वर्षी दगड खाली ठेवून फक्त झेंड्याची मिरवणूक काढावी, ही गोष्टही त्याच बैठकीत कोणीतरी बोलू शकेल. हुतूतूच्या तीन तऱ्हांतून एक निवडण्यास आपल्या वाडवडिलांना अनेक वर्षे लागली, आपल्यालाही लागतील. पण पहिली बैठक तर व्हावयास हवी.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. आपले नियम आपण घडविण्याचे वयही आपणांस आले, असे मी मानतो.

तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि सौंसरला पाट्या रंगवून पोट भरतो. गेल्या वर्षी शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहावयास मी त्यालाच बोलाविले. एक डोळा मिटून तो रेघ ओढतो तेव्हा ती सरळच येते. काम संपल्यावर त्याने आवारातील नव्या कडुनिंबाला टेकलेली शिडी हलकेच उचलली आणि दुसरीकडे नेऊन ठेवली. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.